भिंत सगळ्यात शेवटी: दुभंगलेल्या बेटावरची विज्ञान कादंबरी कुठल्या क्रमाने लिहायची

आमच्या हर्णै-दापोलीच्या पट्ट्यात लिहिणारी पोरं बरीच आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना तरी बेटावरची सायफाय कादंबरी लिहायचीय, रोज समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो म्हटल्यावर सुचणारच ते. ड्राफ्ट मला वाचायला देतात, मी मनापासून वाचते, आणि जवळपास प्रत्येक ड्राफ्ट एकाच जागी अडकलेला असतो. पहिल्या पानावर भिंत. भिंतीच्या अलीकडे गरीब, पलीकडे श्रीमंत, वर पहारेकरी, आणि एक मुलगा रात्री भिंत चढतो. चाळीसेक पानांवर गाडी थांबते, कारण मुलगा पलीकडे उतरतो आणि तिथे माणसं काय खातात, पाणी कुठून भरतात, भिंतीचं गळालेलं प्लास्टर कोण लावतं हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं.

चूक कल्पनेत नाहीये, क्रमात आहे. आधी बेट, मग पाणी, मग विज्ञान, मग हिशोब, मग माणसं, आणि भिंत सगळ्यात शेवटी, तीही लागली तरच. खाली हा क्रम टप्प्याटप्प्याने देतेय, सोबत एक काल्पनिक बेट उदाहरण म्हणून घेतलंय, ते तसंच्या तसं उचलू नका, तुमचं तुम्ही बनवा.

लिहायला बसायच्या आधी: काय जमवायचं

एक मोठा चौकटीचा कागद, एक तिथ्या असलेलं कॅलेंडर (भिंतीवरचं साधं चालेल), तुमच्या जवळच्या बंदराचं टाइड टेबल (भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता), आणि एक वही जिच्यात फक्त आकडे जातील. लॅपटॉप अजून उघडू नका. निदान तीन आठवडे एकही सीन लिहायचा नाही, हे कठीण जातं मला माहितीये, पण ज्यांनी सीन आधी लिहिले त्यांनी पुढे बेट त्या सीनला पुरेल तेवढंच बनवलं आणि मग तिसऱ्या प्रकरणात नदी उगवली जी पहिल्या प्रकरणात नव्हती.

आणि एकदा तरी एका खऱ्या बेटावर जाऊन या, पण ट्रिपला जातात तसं नाही, वही घेऊन. मालवणला सिंधुदुर्गात चारी बाजूंनी खारं पाणी असून आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, मुरुडच्या जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. तिथे उभं राहून विचार करा की हे पाणी संपलं असतं तर आतला माणूस किती दिवस टिकला असता.

टप्पा १: बेटाचा नकाशा, फक्त दगड-माती-पाण्याचा

कागदावर बेट काढा. वस्ती काढू नका, नावं देऊ नका. फक्त एवढं ठरवा: लांबी, रुंदी, सर्वात उंच जागा, खडक कुठे, चिखल कुठे, वाळू कुठे.

आपल्या किनाऱ्यावर वारा आणि लाटा पश्चिमेकडून येतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. त्यामुळे बेटाची पश्चिम बाजू खडपाची, म्हणजे खडकाळ, लाटा खाणारी, आणि पूर्वेची बाजू किनाऱ्याकडे तोंड केलेली, शांत, गाळ साचणारी. कांदळवन उगवणार ते ह्या शांत चिखलात, खडपावर नाही. बघा, अजून एकही माणूस बेटावर उतरला नाही आणि दोन बाजू तयार झाल्या.

माझं उदाहरणाचं बेट असं: तीन किलोमीटर लांब, मधे बारीक, आणि त्या बारीक जागी वाळूचा दांडा जो फक्त ओहोटीला उघडा पडतो. भरतीला बेटाचे दोन तुकडे, ओहोटीला एक. पश्चिमेकडचा तुकडा म्हणजे खडप, पूर्वेकडचा म्हणजे खाजण, भरतीचं खारं पाणी शिरणारी चिखलाची जमीन.

आता विहिरी. वाळूच्या किंवा सच्छिद्र बेटात पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि त्याचा हिशोब साधारण असा की समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल तर खाली चाळीस फूट असतं. ऐकायला छान वाटतं, पण उलटं करून बघा, जास्त उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली की खालून खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर यायला लागतं. म्हणजे एका घराने पंप लावला तर शेजारच्या दहा घरांची विहीर खारी होऊ शकते, आणि कोणी कोणाला हात पण लावलेला नाही.

ह्याची चव माहीत पाहिजे. आमच्या शेजारच्या काकू मे महिन्यात सकाळी पहिली कळशी काढली की ओंजळभर पाणी तोंडात घेतात, गिळत नाहीत, जिभेवर धरतात आणि मग थुंकतात. "मचूळ झालं गो," म्हणतात, आणि त्या दिवसापासून डाळ शिजवायचं पाणी वरच्या वाडीतून येतं, कारण मचूळ पाण्यात डाळ दोन तास उकळली तरी दाणा दाणाच राहतो आणि साबणाला फेस येत नाही. तुमच्या कादंबरीत "पाणी प्रदूषित झाले होते" असं वाक्य असेल तर ते काढा आणि न शिजलेली डाळ आणा.

तपासा: नकाशा दुसऱ्या कोणाला दाखवा आणि विचारा, "तू इथे घर कुठे बांधशील?" दोन-तीन जणांनी एकच जागा दाखवली तर भांडण कुठे होणार ते तुम्हाला कळलं.

टप्पा २: भरती-ओहोटीचं कॅलेंडर

हा टप्पा सगळे गाळतात. बेटाच्या कादंबरीत समुद्र म्हणजे निळा पडदा नाही, ते टाइमटेबल आहे.

आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, साधारण सहा तासांनी नऊ वाजता ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती आणि सहाच्या सुमारास ओहोटी. रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा हिशोब मुंबई-अलिबागच्या बाजूचा, खाली तळकोकणात वेळ थोडी बदलते आणि पाण्याची चढउतारही कमी होते, म्हणून टाइड टेबल जवळ ठेवा म्हटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आणि पुढच्या एकदोन दिवसांत भांगाची भरती, चढत पण कमी आणि उतरत पण कमी. आता माझा दांडा बघा. उधाणाला तो पहाटे आणि संध्याकाळी चांगला चार-चार तास उघडा. भांगाला पाणी पुरेसं उतरतच नाही, तीन-चार दिवस दांडा उघडत नाही. म्हणजे दर पंधरवड्याला हे बेट काही दिवस पूर्ण तुटतं, आणि ते दिवस सगळ्यांना आधीपासून माहीत असतात. लग्नाचे मुहूर्त, बाळंतपणं, आजारपण, पळून जाणं, सगळं ह्या कॅलेंडरवर येऊन बसतं. मला तरी भिंतीपेक्षा हे जास्त भयंकर वाटतं, कारण ह्याला लाच देता येत नाही.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. आम्ही एकदा गप्पांत आत रेंगाळलो, निघालो तेव्हा पाणी घोट्याला होतं, अर्ध्यात मांडीपर्यंत आलं. पाणी वाढतंय ते डोळ्यांना दिसत नाही, पायाखालची वाळू सरकायला लागते त्यावरून कळतं, आणि माणूस नकळत समोरच्याचा हात धरतो, ओळख असो-नसो. दांड्यावरचा एखादा सीन लिहाल तेव्हा हा हात विसरू नका.

सांभाळा: प्रत्येक प्रकरणाच्या वर पेन्सिलने तिथी लिहा. छापताना नको, तुमच्यासाठी. नाहीतर पौर्णिमेच्या रात्री बारा वाजता हिरो कोरड्या वाळूवरून चालत जाईल, आणि कोकणातला पहिला वाचक पुस्तक बंद करेल, कारण तेव्हा तिथे उधाणाची भरती असते.

टप्पा ३: विज्ञानातला एकच बदल

एकच. उडत्या होड्या पण, मन वाचणारी यंत्रं पण आणि क्लोन पण असं करू नका. एक गोष्ट बदला आणि बाकी जग आहे तसं ठेवा, मग त्या एका बदलाचे परिणाम शेवटच्या पानापर्यंत पुरतात.

आणि तो बदल तुमच्या नकाशातून यायला पाहिजे. माझ्या बेटाच्या पूर्वेला चिखल आहे, चिखलात कांदळवन आहे. खरं कांदळ काय करतं? कांदळाच्या झाडाची मुळं समुद्राच्या पाण्यातलं बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. त्याच चिखलातलं दुसरं झाड, तिवर, वेगळं करतो, तो मीठ आत घेतो आणि पानांतून बाहेर टाकतो, पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कधीकधी मिठाचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणजे कांदळाच्या खोडात जवळजवळ गोडं पाणी असतंच. मग खोड कापलं तर पाणी का येत नाही? कारण झाड ते पाणी वरून ओढत असतं, आतमध्ये ताण असतो, काप दिला तर हवा आत जाते, पाणी बाहेर येत नाही. आणि समुद्राच्या पाण्यातून मीठ बाजूला काढायला हवेच्या दाबाच्या निदान पंचवीस पट जोर लागतो, हा जोर ते झाड गुपचूप लावत असतं.

तर माझा एकच बदल: अशी कांदळाची जात जी पाणी ओढण्याऐवजी खालून ढकलते. खोडाला काप द्यायचा, मडकं बांधायचं, सकाळ-संध्याकाळ उतरवायचं, माडाची पोय (फुलोरा) कापून माडी काढतात तसंच. बाकी काही बदललेलं नाही, होड्या त्याच, मासे तेच, माणसं तीच.

आता ह्या बदलाची किंमत ठरवा, फुकटचं विज्ञान कादंबरी मारतं. ढकलायला झाडाला साखर लागते, साखरेला ऊन लागतं. म्हणून ढगाळ दिवसात पाणी कमी. काप दिलेलं झाड दोन-तीन महिने आराम मागतं. चुकीचा काप दिला तर झाड मरतं, म्हणून काप देणं ही कला झाली, कला झाली म्हणून ती बाप मुलालाच शिकवतो, आणि मुलीला शिकवतो का? इथे थांबा आणि वहीत लिहा, हा प्रश्न पुढे लागेल.

टप्पा ४: हिशोब

वही उघडा. बेटावर माणसं किती? मी १,८०० धरली. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला दहा लिटर म्हटलं तर रोज १८,००० लिटर. एक झाड दिवसाला तीन लिटर देतं असं मी ठरवलं, म्हणजे रोज ६,००० झाडांना मडकी. आराम धरून तिप्पट, १८,००० झाडं. दोन-दोन मीटरवर एक झाड, म्हणजे एका झाडाला चार चौरस मीटर, एकूण ७२,००० चौरस मीटर, साधारण अठरा एकर. बसलं बेटावर? बसलं.

एक माणूस दोन वेळा चिखलातून फिरून साठ झाडं सांभाळेल. म्हणजे शंभर माणसं लागतात. फक्त शंभर. अठराशेंचं पाणी शंभरांच्या हातात, आणि ही शंभर माणसं गुडघाभर चिखलात दिवस काढतात, त्यांच्या पायांच्या बोटांमधली कातडी कायम पांढरी पडलेली असते, आणि बाकीची माणसं त्यांना "चिखले" म्हणतात. मला हे सुचलं नव्हतं हो, आकडे मांडले तेव्हा ते समोर आलं. ज्याच्या हातात सगळ्यांचा जीव आहे त्यालाच खालचा मानलं जातं, हे कोकणात राहणाऱ्याला नवीन नाही.

मग विचारा, ह्या शंभरांनी काम थांबवलं तर? अलिबागजवळ चरीला कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसायचं बंद केलं होतं, सहा वर्षं. भाताची जमीन सहा वर्षं पडीक राहू शकते. पाणी सहा दिवस सुद्धा थांबू शकत नाही. तुमच्या बेटावर संप किती दिवस चालेल आणि आधी कोण मोडेल, हे आकड्यातून काढा, भाषणातून नको.

विजेचा पण हिशोब करा, निदान अर्धं पान. मुंबईजवळच्या घारापुरीला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचली ती २०१८ मध्ये, तोपर्यंत संध्याकाळचा जनरेटर. मग तुमच्या बेटावर प्रत्येक झोपडीत स्क्रीन चकाकतोय तो कशावर?

टप्पा ५: टाकीचा प्रश्न

ह्या टप्प्यावर कादंबरी जगते नाहीतर मरते, म्हणून इथे घाई करू नका.

कोकणात पाऊस किती पडतो? बऱ्याच जागी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त. चाळीस चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर म्हणजे १,२०,००० लिटर पाणी एका पावसाळ्यात. पाच माणसांच्या घराला दहा लिटरप्रमाणे आठ महिन्यांना लागतं १२,००० लिटर. म्हणजे साडेसात फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि तेवढीच खोल एक टाकी बांधली की विषय संपला. कांदळ नको, मडकी नको, चिखले नको, कादंबरी पण नको.

तुमचा हुशार वाचक हा प्रश्न पाचव्या पानावर विचारणार. म्हणून तो आधी तुम्ही स्वतःला विचारा. तुमच्या गोष्टीत पाणी नसेल, औषध असेल, ऊर्जा असेल, काहीही असेल, पण ही फाळणी मोडायला सगळ्यात साधी वस्तू कुठली, ती शोधा. माझ्याकडे ती टाकी आहे. आणि मग विचारा: ती का बांधली जात नाही?

ह्याची उत्तरं वाईट पण असतात. "सिमेंट नाही" हे वाईट उत्तर, कारण चुन्यात दगड बांधून आपल्याकडे समुद्रात किल्ले उभे राहिलेत. "त्यांना सुचलं नाही" हे तर अपमान करणारं उत्तर आहे, गावातल्या कुठल्याही आजीला सुचतं. चांगलं उत्तर नेहमी माणसांत असतं. माझ्या बेटावर टाकी बांधायला बंदी आहे, पण कायद्याने नाही. पूर्वी कधीतरी टाकीच्या पाण्याने साथ आली, लेकरं गेली, ते खरं होतं. तेव्हापासून "थांबलेलं पाणी विटाळाचं, वाहतं पाणी झाडाचं" असं आज्या सांगतात, आणि खडपावरची जी चार घरं मडकी विकत घेऊन वाटप करतात ती ह्या समजुतीला हळूहळू धार्मिक रंग देतात. कोणी टाकी बांधली तर रात्री फुटते. कोणी फोडली, माहीत नाही. सकाळी शेजारीच येऊन सांत्वन करतात आणि त्यातल्याच एकाच्या हाताला चुना लागलेला असतो.

महाडचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. चवदार तळ्यात पाणी कमी नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ ला झालेला, महाडच्या नगरपालिकेने पण तळं खुलं केल्याचा ठराव केलेला, तरी अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला तिथे ओंजळ भरता येत नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसोबत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं, आणि कोर्टात निकाल लागायला १९३७ उजाडलं. तळं तिथेच होतं, भिंत कुठेच नव्हती, आणि तरी फाळणी पक्की होती. दुभंगलेला समाज असा दिसतो. त्यावर लिहायचं तर टंचाई निसर्गाची आहे का माणसाने टिकवलेली आहे, आणि पहिलीची दुसरी कधी झाली, हे तुम्हाला वर्षासकट माहीत पाहिजे, वाचकाला नाही सांगितलं तरी चालेल.

सांभाळा: एक खलनायक करू नका. एक दुष्ट सरदार मेला की फाळणी संपते अशी कादंबरी माझ्याकडे चारदा आलीय. फाळणी टिकते कारण तिच्यावर शंभर साध्या माणसांचं पोट असतं: मडकी बनवणारा, वाटप लिहून ठेवणारा, दांड्यावर उभा राहून माणसं मोजणारा. ह्यातल्या निदान तिघांना नाव, घर आणि दुखरा गुडघा द्या.

टप्पा ६: दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज

खाजणाकडे पाणी. मग खडपाकडे काय? काहीच नसेल तर खाजणवाले राजे झाले असते. माझ्या बेटावर मोठ्या होड्या लागतील एवढं खोल पाणी फक्त खडपाच्या बाजूला खडकांमधल्या एका आडोशाच्या खाचेत आहे, म्हणजे डिझेल, औषधं, तांदूळ तिथून येतो, आणि उंच जागा पण तिकडेच आहे. वाळूवर उभ्या माणसाला क्षितिज चार-साडेचार किलोमीटरवर असतं, पन्नास मीटर उंचीवरून पंचवीस किलोमीटर दिसतं, म्हणजे येणारी होडी, येणारं वादळ आधी खडपवाल्यांना कळतं. खाजणवाल्यांना बातमी विकत घ्यावी लागते.

मग ऋतू फिरवा. फेब्रुवारी ते मे पाण्याची ताकद वाढत जाते. जूनला पाऊस आला की पाणी फुकट, मडक्याला किंमत नाही, पण होड्या पण बंद, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदीच असते. दोन्ही बाजू रिकाम्या हाताने घरात बसतात. मला वाटतं अशा कादंबरीतलं सगळ्यात चांगलं प्रकरण हेच असतं, फाळणीला सुट्टी लागलेले ते दोन महिने.

भाषा पण इथेच ठरवा. एकाच माशाला कुठे मुशी म्हणतात, कुठे मोरी. दोन्ही तुकड्यांत पाच-सहाच शब्द वेगळे ठेवा, जास्त नको, आणि गरिबाच्या तोंडी बोली आणि श्रीमंताच्या तोंडी पुस्तकी भाषा असं तर चुकूनही नको. दोन्हीकडे बोलीच बोलतील, फरक शब्दाचा असेल. चुकीच्या बाजूला चुकून "मोरी" म्हटलं म्हणून ओळखला गेलेला माणूस, एवढा धागा अख्ख्या प्रकरणाला पुरतो.

टप्पा ७: ये-जा करणारं माणूस

मुख्य पात्र आता ठरवायचं, आधी नाही. आणि भिंत चढणारा मुलगा नको. ज्याला रोज किंवा दर उधाणाला दांडा ओलांडायचं काम आहे असं माणूस घ्या. मासे विकणारी, सुईण, मडकी पोचवणारा, आणि माझ्या मते सर्वात ताकदीची म्हणजे खडपावर दिलेली खाजणातली मुलगी. तिचं सासर एकीकडे, माहेर दुसरीकडे. गौरीला माहेरी जायचं तर तिथी आणि ओहोटी दोन्ही जुळायला पाहिजे, आणि गौरी बसतात त्या अष्टमीच्या आसपासच, म्हणजे नेमका भांग! तिकडे आई वाट बघत बसलेली आणि दांडा पाण्याखाली. हे मी बनवलेलं नाही, पंचांगाने हातात दिलं.

आठवतंय ना वहीतला प्रश्न, काप द्यायची कला मुलीला शिकवतात का? बापाने हिला लपून शिकवलेली असेल तर सासरच्या खडपावर ही कला जाणणारी ती एकटीच आहे. प्लॉट इथून सुरू होतो.

टप्पा ८: समोरचा किनारा

लहान टप्पा, पण विसरायचा नाही. कोकणातली अर्धी घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर उभी राहिलीत, मग तुमच्या बेटावरचे लोक निघून का जात नाहीत? गेले असतील तर परत कोण येतं, पैसे कोण पाठवतं, गणपतीला आलेला चाकरमानी फाळणीबद्दल काय बोलतो? "बाहेरचं जग नष्ट झालं होतं" हे उत्तर शंभरातल्या नव्वद ड्राफ्टमध्ये असतं आणि ते आळसाचं असतं. किनारा दिसत राहू द्या, रात्री तिथले दिवे दिसू द्या.

टप्पा ९: आता लिहा

पहिल्या प्रकरणात एक नेहमीचं काम घ्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मडकं उतरवणं, दांडा ओलांडणं, पाणी मोजून देणं. बेटाचा इतिहास सांगू नका, "शंभर वर्षांपूर्वी महाप्रलय झाला" ने सुरू होणारं प्रकरण फाडून ठेवा. वाचकाला नियम कळतो तो कोणीतरी नियम मोडताना, किंवा मोडायला घाबरताना. बाई मडकं दांड्यावर एका ठरलेल्या दगडाच्या पुढे नेत नाही, तिथेच ठेवून चार पावलं मागे सरकते, मग समोरचा येऊन उचलतो. बस, अख्खी व्यवस्था सांगून झाली, एकही स्पष्टीकरण न देता.

पहिला ड्राफ्ट सलग लिहा, मागे जाऊन दुरुस्त करू नका, फक्त आकडा बदलला तर वहीत लाल पेनने लिहा. शेवट कुठला करायचा ते मी सांगणार नाही, पण फाळणी मोडते असं दाखवणार असाल तर टाकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शंभर जणांनी काय काम करायचं ते पण दाखवा, आणि मोडत नाही असं दाखवणार असाल तर निदान एक टाकी कुठेतरी लपून भरलेली राहू द्या.

आणि भिंत? एवढं सगळं करूनही भिंत पाहिजेच वाटत असेल तर आता बांधा. दगड कुठून आणला, कोणत्या ओहोटीत वाहिला, आणि बांधणारे कोणत्या बाजूला राहायचे, ते वहीत आधी लिहा.

शेवटची तपासणी

ड्राफ्ट झाला की लेखक मित्राला देऊ नका, एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला द्या, वाचायला वेळ नसेल तर होडीवर जाळी शिवत बसलेला असताना वाचून दाखवा. गोष्ट कशी वाटली हे विचारू नका, बरी आहे म्हणेल. दोनच गोष्टी विचारा: ह्यातलं कुठलं काम अशा पद्धतीने होत नाही, आणि ह्या माणसांच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस. दुसऱ्या प्रश्नावर तो टाकी म्हणाला आणि तुमच्या कादंबरीत त्याचं उत्तर नसेल तर टप्पा ५ वर परत जा. आणि मधेच थांबवून "त्या दिवशी दांडा उघडणारच नाही" असं म्हणाला तर वाद घालत बसू नका, पेन्सिल काढा आणि प्रकरणावरची तिथी बदला.